गुडघे टेकणाऱ्यांचे गुडघे

बँकॉकहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, तोही डोळा मारून : ‘मग, मसाज झाला की नाही?’ त्या बिचाऱ्यानं वाट फो देवळाच्या आवारात सत्तरीच्या आईचे गुडघे चोळून घेतलेले असतात. पण ते सांगितलं तर समोरच्याची गंमत जाते, म्हणून तोही गालातल्या गालात हसतो आणि अब्रू गमावून इभ्रत वाढवून घेतो.

वास्तविक त्या देवळात डोळा मारण्यासारखं काही नाही. तिसऱ्या रामानं (हा तिथला राजा, आपला नव्हे) १८३०च्या दशकात वैद्यकाचं ज्ञान तिथे दगडावर कोरून घेतलं. त्यातल्या साठ पाट्या निव्वळ मालिशीच्या : माणसाची आकृती, तिच्यावर रेघा आणि टिंबं. रेघांची नावं इत्था, पिंगखला, सुमना. आपल्याच इडा, पिंगला, सुषुम्ना. सासरी राहून बोली बदललेल्या. या विद्येचा मूळपुरुष बुद्धाचा वैद्य जीवक. अंगाला हात लावण्याआधी त्याला हात जोडायचे, अशी रीत.

झिजलेल्या गुडघ्याला थाई वैद्य ‘चाप पोंग’ म्हणतात. तो सुका किंवा ओला. सुका कुरकुरतो, आखडतो. ओला सुजतो, लाल होतो, तापतो. तापलेल्या गुडघ्याला शेक देत नाहीत, एवढं तारतम्य त्यांच्याकडे आहे. सुक्याला मात्र मांडीपासून पोटरीपर्यंत अंगठ्यांचा दाब आणि वर वाफवलेली पुरचुंडी. तिच्यात प्लाय नावाचा, हळदीच्या नात्यातला कंद, शिवाय हळद, गवती चहा, लिंबाची साल, चिंचेचा पाला, कापूर, मीठ. वास असा सुटतो की गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो, भूक लागते.

गुण येतो? दुखणं आणि आखडलेपण काही काळ उतरतं. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, आणि वजन कमी करणं, मांडीचे स्नायू बळकट करणं हे कंटाळवाणे उपाय कुठल्याच पुरचुंडीत बांधता येत नाहीत. पण थाई डॉक्टरांनी एक शहाणपण केलं. औषध आजीचं आहे म्हणून ते डोक्यावरही घेतलं नाही आणि उकिरड्यावरही टाकलं नाही, मोजून पाहिलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत ३६७ रुग्ण होते, चार आठवडे. काहींना हळदीचा अर्क, काहींना आयबुप्रोफेन. वेदना दोन्हीकडे जवळपास सारख्याच उतरल्या. पोट दुखण्याच्या तक्रारी हळदवाल्यांच्या कमी. हे वाचून कुणी स्वयंपाकघराकडे धावू नये. त्या रोज दीड ग्रॅम अर्काच्या कॅपसूल होत्या, दुधातली चिमूट नव्हे.

आता या देशाचे गुडघे एवढे कुरकुरतात कशानं? वय आणि वजन हे नेहमीचे आरोपी आहेतच. पण भिक्खूसमोर बसायचं ते जमिनीवर, दोन्ही पाय एका अंगाला दुमडून, कारण पावलं बुद्धाकडे करणं म्हणजे मोठा अपमान. त्यात उकिडवं बसायचे संडास. अखेर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची दया येऊन सरकारनंच कमोडचा प्रचार हाती घेतला. राष्ट्र उभं राहतं म्हणतात. इथे ते नीट बसावं म्हणून योजना आखावी लागली.

आणि मालिश करणारी? दरबारी पद्धतीत तिनं रुग्णाजवळ गुडघ्यांवर चालत जायचं, फक्त हात वापरायचे आणि श्वाससुद्धा त्याच्या अंगावर सोडायचा नाही. लोकांच्या पद्धतीत कोपर, पाय, गुडघे, सगळं चालतं. दोन्हीकडे हिशोब एकच : एकीचा गुडघा मोकळा करायला दुसरीनं दिवसभर आपले टेकायचे. युनेस्कोनं २०१९मध्ये नुआद थाईला, म्हणजे याच मालिशीला, मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. गुडघे मात्र भलतेच मूर्त.

तासाभरानं आई उठते, दोन पावलं टाकून बघते, ‘हलकं वाटतंय रे’ म्हणते. मुलगा पैसे मोजतो. बाई हसून हात जोडते आणि गादीच्या कडेला तळवा दाबून उठते. आधी एक गुडघा, मग जरा थांबून दुसरा.