चाकांवरची मोरी

मार्केट यार्डात गुळाच्या ढेपेचं वजन करताना अर्ध्या किलोवरून आवाज चढतो. त्याच यार्डाच्या वेशीबाहेर मिळणाऱ्या, सिंकाच्या भोकात बसणाऱ्या सव्वा इंची वेस्ट कपलिंगला मात्र बाहेरून कुठेही पट्टी लावा, सव्वा इंच भरत नाही. यावर आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

आमच्या घरगुती ट्रेलरात दोन माणसं झोपतील एवढी जागा आहे. मागचं झाकण उचललं की ओटा, ओट्यात छोटं स्टीलचं सिंक. सिंकातलं पाणी खाली जावं, एवढीच अपेक्षा. गुरुत्वाकर्षण फुकट असल्यामुळे काम स्वस्तात होईल, असा घरात समज होता.

तर सव्वा इंची कपलिंगच्या आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ 42 मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहूनही जास्त. सव्वा हे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं माप. तो पाइप गेला, आकडा राहिला. खोक्यावर त्यालाच 32 एमएम म्हणतात. पीव्हीसी पाइपावरचे 32 एमएम मात्र बाहेरून मोजलेले असतात. त्यामुळे 32 ला 32 जुळत नाहीत आणि दोष गिऱ्हाइकाच्या पट्टीला लागतो.

मग दुकानदाराचा प्रश्न येतो, "फुल थ्रेड की हाफ थ्रेड?" हाफ थ्रेड हा ओव्हरफ्लोचं भोक असलेल्या चिनी मातीच्या जाड बेसिनसाठी. त्याला वरच्या अर्ध्या भागात आटे नसतात, बाजूला खिडक्या असतात. आमच्या सिंकाचा पत्रा मिलिमीटरभर. खालून आवळायचा चेकनट कितीही फिरवा, पत्र्यापर्यंत पोचायच्या आत आटे संपतात. खिडक्यांतून येणारं पाणी थेट गादीवर जातं, ही वेगळी सोय. अर्थात न मागता हातात पडतो तो हाफ थ्रेडच.

"काका, बसवायचंय कुठे?"

"गाडीमागे जोडायच्या गाडीत."

"मग वडापावची गाडी म्हणा ना सरळ!"

तेव्हापासून मला धंद्याचा दर लागतो. गाडी सहलीसाठी आहे हे सांगून तो घालवण्यात अर्थ नाही.

बॉटल ट्रॅपचा आग्रह प्रत्येक जण धरतो. त्यात साठलेलं पाणी खालचा वास अडवतं, हे खरं. घर हलत नसेल तर. कात्रजच्या घाटात ते पाणी जागेवर कसं राहावं, हे कुणी सांगत नाही. शेवटी घड्यांचा वेस्ट पाइप थेट वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडावा लागतो. त्याच्या प्रत्येक घडीत पोह्यांतली मोहरी मुक्काम करते. कॅनच्या झाकणाला हवेसाठी दुसरं भोक हवं, नाहीतर आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी सिंकातच ताटकळतं. हे दुसरं भोक कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, म्हणून दुकानदार ते सुचवतही नाहीत.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरण चाकांवरच्या घरापर्यंत पोचलं, चेकनट अजून पत्र्यापर्यंत पोचायचाय.

ज्यांच्या डोक्यात असा ट्रेलर घोळतोय त्यांना एकच सांगणं: कांद्याच्या टेम्पोंमधून वाट काढत का होईना, सिंक बगलेत मारून दुकानात न्या. कपलिंग तिथेच घालून बघा, चेकनट पत्र्याला टेकला तरच पैसे द्या. माप विचारू नका.