शाखा अभियंता

जुलै लागला की सांगलीत दोनच आकड्यांची चौकशी होते. आयर्विन पुलाला पाणी किती फूट, आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा कटऑफ किती. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर गेलं की धोका पातळी; मग नदीकाठची माणसं गाद्या आणि धान्याची पोती माळ्यावर चढवू लागतात. कटऑफला अशा पातळ्या सरकारनं ठरवून दिलेल्या नाहीत. ही उणीव आमच्या गल्लीत कटऑफकाका भरून काढतात.

काकांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. पाटबंधारे खात्यातून ते २०२० साली निवृत्त झाले. हुद्दा होता शाखा अभियंता. या हुद्द्यातल्या शाखेचा इंजिनिअरिंगच्या शाखांशी काही संबंध नसतो. पण काकांनी तो शब्द जरा जास्तच मनावर घेतला. नोकरीत होते तेव्हा गल्लीतल्या मुलांच्या शाखा ते रजा टाकून ठरवत. निवृत्तीनंतर रजेचा अर्ज तेवढा वाचला.

निकालाच्या दिवशी काका येतात ते चप्पल काढता काढताच विचारतात, "किती?" अभिनंदन वगैरे नाही. मुलाची आई मोबाइल लांब धरून वाचते, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार तीन सात शून्य दोन एक सहा." सीईटीचं पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढं सात घरं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटावं की बाई कुणाचा तरी फोन नंबर सांगतायत. काका डोळे मिटून ऐकतात. "शेवटचा सहा की आठ? नीट बघा वहिनी." मग खिशातलं चार रंगांचं पेन निघतं. हिरवं म्हणजे मिळणार, लाल म्हणजे विसरा, निळं म्हणजे तिसऱ्या फेरीत बघू. काळ्या रंगाचा उपयोग काय ते कुणालाच माहीत नाही. तो बहुधा वडिलांसाठी असावा, कारण फी काळ्यानं लिहिली जाते.

"पर्सेंटाइल म्हणजे टक्के न्हवंत," हे वाक्य ते २०१९ पासून दरवर्षी प्रत्येक घरात म्हणतात. "तुझ्या मागं किती जण राहिले त्याचा तो आकडा. तुला किती येतंय याच्याशी त्याचा संबंध न्हाई." एवढं ऐकून मुलगा आधीच निम्मा होतो. मग काका त्याला धीर देतात, "काळजी करू नको, तू इशारा पातळीच्या वर हाईस."

कॉलेजांना ते नावानं नाही, जुन्या चार आकडी कोडनं ओळखतात. वालचंद म्हणजे ६००७, पुण्याचं सीओईपी ६००६, माटुंग्याचं व्हीजेटीआय ३०१२. पहिला आकडा विभागाचा, सहा म्हणजे पुणे, तीन म्हणजे मुंबई, हेही ते न विचारता सांगतात. मागं एका लग्नात नवऱ्या मुलाची ओळख करून दिली, मुलगा पुण्याच्या पीआयसीटीचा आहे म्हणून. काकांनी अक्षता टाकता टाकता मान डोलावली, "सहा दोन सात एक. चांगलं स्थळ."

मागच्या वर्षीच्या कटऑफची जाडजूड प्रिंट ते दरवर्षी झेरॉक्सवाल्याकडून काढून आणतात. ती जुनी झाली की काकू तिच्या पानांत भडंग देतात. एकदा भडंग खाऊन झाल्यावर काकूंनी कागद चष्म्याजवळ धरला आणि म्हणाल्या, "या गोपेनचं मला कौतुक वाटतं हो. जिथं बघावं तिथं याचा नंबर लागलेला." तो रकाना होता 'गोपेन्स', म्हणजे जनरल ओपन, राज्य पातळी. शेजारी गोपेनएच होता, तो होम युनिव्हर्सिटीचा; आणि लोपेनएच, तो मुलींचा. काकांनी हे सगळं समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या मनात गोपेन हा कुणीतरी दक्षिणेकडचा हुशार, शांत मुलगा आहे तो आहेच. लोपेन त्याची बहीण.

काकांच्या इतिहासाचे दोन भाग पडतात, १९८३ च्या आधीचा आणि नंतरचा. त्या साली वसंतदादांनी मुख्यमंत्री म्हणून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं, आणि ज्याच्याकडं पैसा होता त्याचं पोरगं डोनेशन भरून कर्नाटकात. "आमच्याच जिल्ह्याचा माणूस," काका छाती काढून सांगतात, जणू दादांनी फाइलवर सही करण्याआधी त्यांना विचारलं होतं. "स्वतः फार शाळा शिकले न्हाईत, पण गावोगाव इंजिनिअर करून सोडले." पुढचं वाक्य जरा हळू असतं. "आता इंजिनिअर शोधायला गेलं तर इंजिनिअरच दार उघडतोय."

त्यांच्या भविष्यकथनाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी त्यांचा पहिला मोठा बळी. माझी बारावी १९९८ ची. तेव्हा इंजिनिअरिंगला सीईटी नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांची ३०० पैकी बेरीज हेच नशीब. माझी बेरीज बरी होती आणि कॉम्प्युटर मिळायची शक्यता होती. काका तेव्हा छत्तीस वर्षांचे, म्हणजे भविष्य सांगायला तसे लहानच. पण त्यांनी पेपरात वायटूकेबद्दल वाचलं होतं. आमच्या ओट्यावर बसून, माझ्या वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "१ जानेवारी २००० ला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार हाईत. पोरगं बाहेर पडणार २००२ ला. बंद पडलेल्या यंत्राचं शिक्षण कशाला देताय?"

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. मी प्रॉडक्शन घेतलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपात कानस घासून घासून लोखंडाचा एक चौकोन केला, तो कधीच काटकोनात आला नाही. ड्राफ्टर पाठीला लावून चार वर्षं हिंडलो. एम-थ्रीत केटी लागली, ती सोडवली. आणि २००२ साली हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, कारण त्यांना कुठल्याही शाखेचा मुलगा चालत होता. तिथं माझ्या शेजारी एक सिव्हिलवाला, एक केमिकलवाला आणि एक टेक्स्टाइलवाला बसायचा. जगातल्या कॉम्प्युटरांना वायटूकेपासून वाचवण्याच्या कामावरच आपल्याकडच्या कंपन्या तेवढ्यात मोठ्या झाल्या होत्या. हे काकांना मी सुट्टीत येऊन सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे बंद पडणार होते, हे बरोबर होतं की."

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की काकांचा अंदाज नेहमी बरोबरच असतो, फक्त चार वर्षं आधीच्या मुलांसाठी. आज जी शाखा तेजीत आहे तिच्यात आज शिरणारा मुलगा चार वर्षांनी बाहेर येतो, आणि तोवर तेजी दुसरीकडं मुक्कामाला गेलेली असते. ई अँड टीसी तेजीत असताना त्यांनी चौघांना ई अँड टीसीला घातलं. २००१ साली अमेरिकेत डॉटकॉम कंपन्या बुडाल्या तेव्हा तिघांना मेकॅनिकलला वळवलं, आणि ते तिघंही पुढं सॉफ्टवेअरमध्येच गेले. २०१४ आणि २०१५ साली राज्यानं सीईटी सोडून जेईई मेन धरली, तेव्हा काकांना सुतकात असल्यासारखं वाटायचं; दाढीसुद्धा वेळेवर करत नव्हते. सीईटी परत आली तेव्हा काकूंनी शिरा केला.

हल्ली त्यांचा जीव शाखांच्या नावांनी मेटाकुटीला आलाय. पूर्वी सिव्हिल म्हटलं की झालं. आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स हे त्यातल्या त्यात आटोपशीर नाव. एक शाखा आहे, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, पुढं कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. हे मी रचलेलं नाही, छापील आहे. काका ते एका दमात वाचून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "सहकुटुंब सहपरिवार."

एवढे अंदाज चुकूनही लोक त्यांच्याकडं का जातात, याचा मी बराच विचार केला आहे. माहिती आता मोबाइलवर फुकट मिळते, तीही काकांपेक्षा ताजी. पण मोबाइल दोषाचा धनी होत नाही. माझी नोकरी दोनदा डळमळली, तेव्हा आमच्या घरात आई एकच वाक्य म्हणाली, "त्या कटऑफकाकांनी प्रॉडक्शन घ्यायला लावलं नसतं तर!" वडिलांनी मान हलवली, मीही हलवली. वडिलांनी मला बोल लावला नाही, मी त्यांना लावला नाही, आणि जेवणं शांतपणे झाली. गल्लीत अशी शांतता लाभलेली किमान दहा घरं मला माहीत आहेत. काकांनाही हे ठाऊक असावं. कुणी तोंडावर बोललं तरी ते वाद घालत नाहीत. "व्हय, माझंच चुकलं," म्हणून भडंगाची पुडी पुढं करतात.

त्यांच्या स्वतःच्या मुलानं दहावीनंतर सायन्स घेतलंच नाही. तो तासगावला बेदाण्याच्या धंद्यात आहे आणि सुखी आहे. हा विषय काकांसमोर काढायचा नसतो.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातले त्यांचे पाहुणे विश्रामबागेत त्यांच्या घरी आसऱ्याला आले. पाहुण्यांचा मुलगा बारावीत होता. आठ दिवस तो काकांच्या तावडीत, आणि पळून जावं तर गावात सगळीकडं पाणी. बोटीतून परतला तेव्हा त्याला सत्तावीस कॉलेजांचे कोड पाठ होते.

गेल्या वर्षी, २०२५ ला, माझ्या मुलीची वेळ आली. आम्ही सुट्टी काढून सांगलीला आलो होतो. काका संध्याकाळी फाइल घेऊन हजर. त्या वर्षी प्रवेशाच्या तीनऐवजी चार फेऱ्या होत्या, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागणार असा नियम. "म्हंजे पहिलं नाव लग्नाच्या पत्रिकेसारखं," काकांनी खुलासा केला. "छापलं की छापलं." एकशे बारा पर्यायांची यादी त्यांनी घरूनच करून आणली होती. वरचे चाळीस कॉम्प्युटर आणि त्याचे चुलत-मावस भाऊ.

मुलीनं यादी वाचली आणि म्हणाली, "काका, मला सिव्हिल हवंय."

काकांनी पेन मिटलं. मग माझ्याकडं बघितलं, मी हिला घरी काय खायला घालतो अशा नजरेनं. "अगं बाळ, सिव्हिल? उन्हात उभं राहायचं. ठेकेदाराशी भांडायचं. बिलं अडकतात. मी छत्तीस वर्षं काढली की त्यात."

"तुमच्या हॉलमध्ये विश्वेश्वरय्यांचा फोटो आहे ना? ते पण सिव्हिलच."

"तेव्हा दुसरं काय होतं? आणि त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवली. तू काय बसवणार?"

"बघू. पण तुम्ही का घेतलं होतं सिव्हिल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीही नाही. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. १९७८ साली दहावी झाल्यावर ते डिप्लोमाच्या प्रवेशासाठी पॉलिटेक्निकच्या खिडकीवर रांगेत उभे होते. मनात मेकॅनिकल, कारण मामाकडं ऑइल इंजिन होतं आणि ते खोलताना बघायला आवडायचं. नंबर आला तेव्हा आतल्या कारकुनानं मान खाली घालूनच काहीतरी विचारलं. मागून एक जण ढकलत होता. नीट ऐकू आलं नाही. "मी म्हटलं, व्हय. त्यानं सिव्हिल लिहिलं." काका हसले. "सगळं मिळून दहा सेकंद. त्यात पाच सुट्या पैशांत गेली."

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर पाऊस लागला होता. मुलीनं विचारलं, "आणि मग? आवडलं नाही?"

काका बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "चल, दाखवतो तुला." आणि त्या पावसात आपल्या जुन्या एम-एटीवर तिला मागं बसवून आयर्विन पुलाकडं घेऊन गेले. दीड तासानं दोघं निथळत परत आली. काय बघितलं विचारलं तर ती म्हणाली, पाण्याच्या पातळीची मोजपट्टी. ती कशी वाचायची, धरणातून पाणी सोडलं की इथं यायला किती वेळ लागतो, आणि पाणी चढत असताना तिथं उभं राहून ते मोजणं म्हणजे काय असतं. काका टॉवेलनं डोकं पुसत होते. यादी त्यांनी मागून घेतली, वरचे चाळीस पर्याय लाल पेनानं काटले आणि त्यावर हिरव्या पेनानं दोन आकडे लिहिले. दोन्ही सहानं सुरू होणारे.

पहिल्याच फेरीत पहिलाच पर्याय लागला. छापलं ते छापलं.

गणपतीत आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. आरतीनंतर काका फाटकाशी उभे होते. समोर पुढच्या वर्षी बारावीला असणाऱ्या एका मुलाची आई, हातात प्रसादाची वाटी. "सिव्हिलला मरण न्हाई वहिनी," काका सांगत होते. "पूल म्हणा, धरण म्हणा, रस्ता म्हणा, एआय काय घमेलं उचलणार हाय का? हिलाच विचारा की. बाकीचे सगळे कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करत होते. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, सिव्हिल घे."

बाईंनी माझ्या मुलीकडं पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "काकांनीच सांगितलं."