इतिवृत्ताचा समास

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त वर्षानुवर्षे एकाच फायलीवर रचले जाते. नवा सचिव मागील सालचा मसुदा उघडतो, तारखा बदलतो, ठरावांचे क्रमांक सावरतो, आणि पूर्वसुरींच्या मांडणीवर स्वतःच्या कल्पकतेचा आणखी एक थर चढवून ते दफ्तर पुढील कारभाऱ्याच्या हवाली करतो. छापील प्रतीत हा मजकूर मोठा सभ्य दिसतो. परंतु सूचक आणि अनुमोदक यांची नावे पानाच्या उजव्या अंगाला एकाखाली एक आणण्याची कामगिरी मजकडे आली, तेव्हा एकाला सरळ करावे तो दुसरा खालच्या ओळीत उडी घेई, आणि फॉण्ट किंचित वाढविताच सगळी कार्यकारिणी पांगापांग होऊन समासाबाहेर जाऊ पाही.

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आठ ही बटणे एकदम दाबली असता एरवी अदृश्य असणारी सृष्टी प्रकट होते: स्पेसबारच्या प्रत्येक आघाताचे एक टिंब, टॅबचा एक बाण, आणि एंटरची उलट्या पी अक्षरासारखी खूण, जिच्या पोटात त्या परिच्छेदाच्या मांडणीचा सारा तहनामा साठविलेला असतो. आमच्या इतिवृत्तात बाण औषधालाही नव्हता. प्रत्येक अनुमोदकापुढे मात्र टिंबांची रांग अशी लागलेली, की साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्यांनीही शिस्तीचा धडा घ्यावा.

या टिंबांचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. गोदरेजने 1955 साली देशी यंत्र काढले, आणि त्यानंतर कचेऱ्याकचेऱ्यांतून जी बोटे तयार झाली, त्यांना ठाऊक होते की स्पेसबारच्या दर ठोक्यास गाडी ठरावीक अंतरच सरकते. ठोके मोजले की रकाना जुळलाच. संगणकावर 'श्री' ऐसपैस बसतो आणि 'र' अंग चोरून. तेथे ठोके मोजून काय होणार? त्याहून जुना मोडी कारकून अधिक धूर्त म्हणावा लागेल, कारण तो कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा आधीच ओढून ठेवी आणि मगच तिला अक्षरे टांगी.

खरा कहर होता तो एका ठरावात. कोणा सचिवाने परिच्छेदास दोन्ही समासांशी भिडण्याचा हुकूम देऊन मध्येच शिफ्ट-एंटरने ओळ तोडलेली. परिणामी 'सर्वानुमते मंजूर झाला' हे तीन शब्द परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या भाऊबंदांप्रमाणे ओळभर फाकले होते. ठराव वाहनतळाचा होता, हे लक्षात घेता मांडणीने वस्तुस्थितीच नोंदविली असे म्हणावयास हरकत नाही.

इलाज क्षुल्लक आहे. कंट्रोल-क्यूने परिच्छेदावर लादलेले हुकूम बरखास्त होतात. टिंबे मात्र हातानेच खोडावी लागतात. मग वरच्या रूलरवर हव्या त्या जागी एक टॅब रोवावा आणि नावापुढे एकदाच ते बटण दाबावे. रूलरच्या डाव्या टोकाचा वरचा त्रिकोण पहिल्या ओळीचा मुखत्यार, खालचा उरलेल्यांचा; परिच्छेदाची सुरुवात आत घेण्यास एवढा बंदोबस्त पुरेसा असून पाच-सहा ठोक्यांची गरज राहत नाही.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घेणे सहकारी संस्थांना कायद्याने भाग आहे. तेव्हा तमाम सचिवांस विनंती, की सभासदांत वितुष्ट कितीही असो, स्पेसबार दोन शब्दांमधील अंतरापुरताच राखावा.