ग्रंथालयातली चेटकीण

आपल्याकडच्या पोरांची चेटकिणीशी पहिली गाठ बहुधा रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त पडते. डेबोरा हार्कनेस यांच्या ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ (2011) या कादंबरीतली डायना बिशप त्या बिरादरीतली वाटतच नाही. सेलममध्ये 1692 साली चेटकाच्या आरोपावरून ज्या बाईला सगळ्यांत आधी फासावर चढवलं, त्या ब्रिजेट बिशपचं रक्त हिच्या अंगात. पण हिला जादूटोणा नकोय. ही येल विद्यापीठात किमयेचा इतिहास शिकवते आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं वाचत बसते. डॉक्टरांच्या मुलीनं चालता दवाखाना नाकारून बँकेच्या परीक्षा द्याव्यात, तसं काहीसं. मला ती तिथेच आवडली.

आणि ते ग्रंथालय! इथे आजही वाचकाला शपथ घ्यावी लागते की मी आत आग पेटवणार नाही. इथलं पुस्तक घरी नेता येत नाही. 1645 साली खुद्द राजा पहिल्या चार्ल्सलाही ‘नाही मिळणार’ असंच सांगितलं होतं. अशा ठिकाणी चेटकीण नेऊन बसवायची ही कल्पनाच झकास. हार्कनेसबाई स्वतः इतिहास संशोधक असल्यानं हस्तलिखित मागवणं, ते येईपर्यंत ताटकळणं, बांधणीवरून हात फिरवणं हे सगळं त्या असं लिहितात, की मंत्रतंत्र त्यापुढे फिके वाटतात. एका प्रसंगी वरच्या फळीवरचं ‘नोट्स अँड क्वेरीज’ काढायला शिडी आणण्याचा कंटाळा येऊन डायना जरासं चेटूक वापरते. आळसापोटी मोडलेला नेम! अख्ख्या पुस्तकात तिच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही.

पण नेमकं तेव्हाच मॅथ्यू क्लेअरमाँट तिला बघतो. वय साधारण दीड हजार वर्षं, पेशानं शास्त्रज्ञ, जातीनं व्हॅम्पायर, अंगाला लवंग-दालचिनीचा वास. (आमच्याकडे असा वास येणाऱ्याला लोक मसालेभाताची ऑर्डर देतील.) इथून माझं आणि पुस्तकाचं बिनसायला लागलं. मॅथ्यू तिला काय खावं, कधी झोपावं, कुठे जाऊ नये ते सांगतो आणि एवढी शिकलीसवरलेली बाई ते ऐकून घेते. जेवणं पानंच्या पानं चालतात, वाइनचं कौतुक तर विचारूच नका. लेखिका वाइनवरही लिहायच्या, त्यामुळे माहिती पक्की असणार. माझा ग्लास मात्र रिकामाच. मधेच चेटकिणी, व्हॅम्पायर आणि डीमन जुनं वैर बाजूला ठेवून एकत्र योगासनं करतात. शवासनात व्हॅम्पायरनं वेगळं काय करायचं, या प्रश्नावर मी बराच वेळ अडून होते.

खरा राग आहे तो हस्तलिखिताचा. ‘अ‍ॅशमोल 782’ डायनाच्या हाती येतं, उघडताना चक्क उसासा टाकतं, त्यातली पानं गायब दिसतात, कागदाच्या पोटात अक्षरं हलताना दिसतात. आणि ही संशोधक ते परत करून टाकते! घाबरली म्हणे. अहो, घाबरायचं ते घाबरा, पण आधी नीट टिपणं तर काढा. त्यानंतर सगळं भूतजगत त्या पोथीसाठी जिवावर उठतं आणि मी आपली प्रत्येक प्रकरणात ‘आता तरी परत मागव’ म्हणत पुढे वाचते. दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होते, हेही सांगायला हवं. मॅथ्यूला नावं ठेवत वाचत होते, इतकंच.

दुसरा भाग, ‘शॅडो ऑफ नाइट’, घेऊन ठेवलाय. त्यात ही दोघं 1590 सालात जातात. बोडलियन उघडलं 1602 साली. म्हणजे ज्या जागेसाठी मी हे सगळं सोसलं, तीच तिथे नाही. पण त्या काळात मोर्टलेकला जॉन डी यांचा मोठा ग्रंथसंग्रह होता, आणि हार्कनेसबाईंनी डी यांच्यावर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलेलं आहे. मॅथ्यूनं डायनाला तिथे निवांत बसू दिलं, तर माझं त्याच्याशी काही भांडण नाही.