पानोपानी लायकी

कालपरवा पदवीधर झालेल्या पोराचा बायोडेटा चार पानी, आणि तीस वर्षं घासलेल्याला सल्ला मिळतो, एका पानात आटपा! चार पानं भरतात तरी कशानं? वडिलांचं पूर्ण नाव, वैवाहिक स्थिती, एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०, छंद वाचन (काय वाचलं, ते मुलाखतीत विचारू नये). शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी शपथ, जणू तहसीलदारासमोर उभे आहोत. लिओनार्दो दा विंचीनं १४८२ च्या सुमारास मिलानच्या सत्ताधीशाकडे नोकरी मागताना पूल, तोफा, भुयारं असं सगळं दहा कलमांत बसवलं. चित्रकला दहाव्या कलमात, जाता जाता. तेव्हा बाबांनो, एक पान, फार तर दोन. जन्मवेळ आणि रास लग्नाच्या बायोडेटासाठी राखून ठेवा.