लाखाचा घोडा, शंभराची वादी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे भोवरे आणि कानांची टोकं तासभर न्याहाळणारा शौकीन लगामाच्या पालापाशी आला की एकदम काटकसरी होतो. लाखांचा सौदा उरकलेला असतो. आता घासाघीस वीस रुपयांची. गोंडे मात्र लालभडक हवेत. वादी दुमडून बघा म्हटलं, तर दुकानदाराआधी गिऱ्हाईकच रागावतं. दुमडल्यावर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला, कापलेल्या कडेला कापड दिसलं, की समजावं रेक्झिन. बक्कलाला लोहचुंबक चिकटलं, तर पितळेचा नुसता मुलामा. परदेशी तबेल्यांना लगाम पुरवणाऱ्या कानपूरची साधी म्होरकी शेजारीच लोंबत असते, थोडी महाग. पण तिची एखादी पट्टी झिजली तर तेवढीच बदलता येते. तिला गोंडे नाहीत, हाच तिचा दोष.