घाऊक अप्पा

अप्पांना सुटं काही घेता येत नाही. न्यू जर्सीत एडिसनला येऊन त्यांचे केस पिकले, पण एखादी वस्तू एकट्याने, सांगितल्या भावाला घेतली तर अजूनही त्यांना रात्री झोप लागत नाही. तांदळाचं पोतं चार घरांत वाटून घ्यायचं, हापूसची पेटी दहा पेट्यांची ऑर्डर जमवूनच मागवायची. एखाद्याच्या घरी छताचे पन्हाळे साफ करायला माणूस आला की अप्पा शिडीखाली हजर. "गल्लीतली आणखी पाच घरं देतो, बोल, कितीला करशील?" त्या पाच घरांना यातलं काहीच ठाऊक नसतं. आधी भाव, मग माणसं, अशी अप्पांची पद्धत.

पण अप्पांची खरी साधना पाहायची तर मार्चच्या शेवटाला पाहावी. पिवळी फोर्सिथिया फुलली की इथले लोक रानगवताचं औषध मारायची वेळ झाली म्हणून ओळखतात. अप्पा वहीत नवं पान उघडतात.

पाव एकराचा प्लॉट अप्पा अजून गुंठ्यांत मोजतात. "दहा गुंठे! घर न् ड्राइव्हवे वजा जाता सहा-सात गुंठे निव्वळ गवत. आमच्याकडे कराडला गवत कापून नेणारा वर चार पैसे देऊन जातो. हा इथं कापतो, तिथंच टाकतो, आणि आपल्याकडूनच 50 डॉलर घेऊन जातो. दर आठवड्याला!" हे ते एप्रिल ते नोव्हेंबर दर आठवड्याला म्हणतात. गवत वाढू द्यावं तर टाउनशिपची नोटीस येते, आणि नोटीस काही घाऊक भावाने मिटवता येत नाही.

अप्पांचं गणित मात्र पक्कं आहे, हे सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात ते खिडकीत घड्याळ घेऊन बसले होते. लॉनवाल्याचा ट्रक थांबला, मागचा ट्रेलर उघडला, फळी टेकवून मशीन उतरवलं, काम झाल्यावर पुन्हा चढवलं, पट्टे आवळले. प्रत्यक्ष कापण्याला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच या उतरवा-चढवीत आणि पुढचं गिऱ्हाईक गाठण्यात गेला. "शेजारशेजारची आठ-नऊ घरं एका दिवशी दिली तर मशीन एकदाच उतरेल. त्याचं डिझेल वाचतं, मजुरी वाचते, मग वाचलेल्यातलं निम्मं आपलं नको?" याला उत्तर नाही. लॉनवाल्याकडेही नव्हतं.

अडचण असते ती घरं एका सुरात आणण्याची. त्यासाठी अप्पांच्या डेकवर बैठक भरते. काकू ओक ट्री रोडवरून समोसे आणतात, आणि या समोशांचा खर्च वहीत कुठेही धरला जात नाही. तेलुगू रावना कुत्र्यासाठी बिनऔषधाचं लॉन हवं. पटेलभाईंना पंधरवड्यातून एकदाच कापून हवं. कोपऱ्यावरच्या कुलकर्ण्यांचं म्हणणं वेगळंच. गवत अगदी मुळापासून उडवा, म्हणजे महिनाभर पाहायला नको. न्हाव्याकडे मुलाचे केस 'अजून बारीक' करून घेणाऱ्या बापाचाच हिशेब. गवत तीन-चार इंच ठेवावं, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, नाहीतर उन्हात करपतं, हे त्यांना दर वर्षी सांगावं लागतं. दर वर्षी ते "हो का?" म्हणतात.

अशा वेळी अप्पांना हुमणी पावली. कुलकर्ण्यांच्या लॉनवर तपकिरी चट्टे पडले होते. गालिचा उचलावा तसं तिथलं गवत हातात येत होतं. अप्पांनी खाली बोटं घातली आणि इंग्रजी सीच्या आकारात वळलेली एक पांढरी अळी तळहातावर घेतली. "अहो, ही तर हुमणी! आमच्या उसात असायची." ही जपानी भुंगेऱ्याची अळी, हुमणीच्याच कुळातली. हा भुंगेरा अमेरिकेत प्रथम सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हरटनला, 1916 साली. एवढी माहिती मिळाल्यावर अप्पा गप्प बसतात होय? ती अळी डबीत घालून ते घरोघर फिरले. "ही काय कुंपण बघून थांबते? औषध मारायचं तर सगळ्यांनी एकदम." रावसुद्धा नरमले.

खताचंही तसंच. राज्याच्या 2011 च्या कायद्याने माती तपासल्याशिवाय लॉनवर फॉस्फरसचं खत टाकायला बंदी आहे. तपासणी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते आणि तिला फी पडते. अप्पांनी सगळ्या अंगणांतली चमचा-चमचा माती एकाच पिशवीत कालवली आणि एकच नमुना पाठवला. अहवालात माती मध्यम निघाली. सरासरीत दुसरं काय निघणार!

शेवटी लॉनवाला आला. टोपी मागे सारून त्याने सांगितलं, "आठ घरांना 47. नऊ असतील तर 44." घरं होती आठ. नववं घर समोरच्या बॉबचं. बॉब निवृत्त फायरमन. स्वतःच्या बसायच्या मशीनवर तो दर शनिवारी आडवे-तिरपे पट्टे पाडत लॉन कापतो आणि त्या यंत्राला कुणाला हात लावू देत नाही. पण बैठका त्याने एकही चुकवलेली नाही. त्याला समोसे आवडतात, आणि बहुधा आरडाओरडाही.

"बॉब नववा," अप्पांनी जाहीर केलं.

"पण तो स्वतःच कापतो."

"म्हणजे तुला काम आहे का?"

"नाही."

"डिझेल?"

"नाही."

"मग नवव्या घरात तुझा शून्य खर्च. असं गिऱ्हाईक तुला गावात दुसरं मिळेल का?"

लॉनवाला बराच वेळ बॉबकडे पाहत राहिला. बॉबने चटणी वाढून घेतली आणि मान डोलावली. काकूंनी लॉनवाल्याच्या हातातही समोसा दिला. आठ घरांना 44 ठरलं.

बॉबला आता दर महिन्याला शून्य डॉलरचं बिल येतं. अप्पा ते तपासून घेतात.